पातीवाला

सासूबाईंनी रश्शाचा पहिला चमचा तोंडात घेतला आणि क्वेनने श्वास रोखून धरला. रस्सा विकतच्या पुडीचा होता. तिच्यासारखीला कळलं, तर सासूबाईंना न कळायला काय झालं? त्यांच्या ओठांचा उजवा कोपरा थरथरला. आता सुटतोय पट्टा, असं वाटेपर्यंत त्यांनी चमचा अलगद खाली ठेवला, दुकानदाराकडे बघून मान लववली आणि म्हणाल्या,

“छान झालंय हो.”

क्वेनला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

हानोईच्या जुन्या पेठेत खेकड्याच्या रश्शातल्या शेवया विकणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. पण क्वेनच्या सासूबाईंच्या, लुआबाईंच्या दारासमोरच्या बुटक्या स्टुलांवर जागा मिळायची नाही, ती नुसत्या रश्शामुळे नव्हे. अर्धी गर्दी त्यांचं तोंड ऐकायला यायची. कुणी दोनदा लिंबू मागितलं की लिंबाचं झाड सासऱ्याने लावलंय का, अशी विचारणा व्हायची. कुणी फोनमध्ये डोकं घालून बसला की वाटी उचलून पुढच्याला. मोठमोठे साहेब मान खाली घालून शिव्या आणि शेवया दोन्ही गिळायचे आणि दुसऱ्या दिवशी मित्रांना घेऊन यायचे. सून म्हणून क्वेनची तर अठरा वर्षं रोज बिनपाण्याने होत आली होती.

गिऱ्हाइकांची नावं सासूबाईंनी कधी विचारली नाहीत. जो जे मागेल ते त्याचं नाव. एक दुप्पट तोफू, एक बिनमिरची, आणि एक पातीवाला. पातीवाला बावीस वर्षं रोज सकाळी सातला यायचा. उकळत्या पाण्यातून काढलेली कांदापातीची पांढरी टोकं त्याला वेगळ्या बशीत लागायची. बसला की आधी खिशातला रुमाल काढून जेवायच्या काड्या पुसायचा, दोनदा, पुढून आणि मागून. सासूबाईंना तो रुमाल डोळ्यांसमोर नको असे.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी गर्दी फार होती आणि रुमाल निघाला. सासूबाईंचा तोल गेला.

“एवढी घाण वाटते तर सरळ वरच जा ना. सोन्याच्या काड्या धुऊन ठेवल्यात तिथे तुझ्यासाठी.”

सगळे हसले. पातीवालाही हसला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशीही नाही.

ज्या तोंडाने जन्मभर मीठ आणि खारवलेल्या मासळीचं पाणी खाल्लं त्या तोंडची अभद्र वाणी फळते, हे त्या गल्लीत कुणाला शिकवावं लागत नाही. नवव्या दिवशी सासूबाई देवळात जाऊन आल्या आणि त्यांनी तोंड आवरलं. गप्प झाल्या असत्या तर परवडलं असतं. त्या गोड बोलायला लागल्या. गिऱ्हाइकाला धन्यवाद म्हणायच्या, पुन्हा या म्हणायच्या. एकदा क्वेनला म्हणाल्या, “दमली असशील बाळ, बस जरा.” क्वेनच्या हातातली वाटी खाली पडून फुटली. त्यावरही, “असू दे, लागलं नाही ना?”

शिव्या ऐकायला लांबून आलेली पोरं फोन उगारून वाट बघत बसायची आणि हिरमुसून परत जायची. जुनी माणसं क्वेनला बाजूला घेऊन, आजींना डॉक्टरकडे नेलं का, असं विचारायची. रात्री जेवायला बसलं की सासूबाई वाटीतला भात चिवडत राहायच्या. अंगावरचे कपडे सैल व्हायला लागले होते. माणूस आपल्या शब्दाने गेला, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं, आणि ते मन त्यांना आतून खात होतं.

शेवटी क्वेनच म्हणाली, “आई, बावीस वर्षं सकाळी बाहेर खाणारा माणूस घरी बसून खाणार आहे का? जिवंत असेल तर कुठेतरी खात असेलच ना.”

नाव नाही, पत्ता नाही, म्हणून मग हा एकच मार्ग राहिला. क्वेनच्या नवऱ्याने, तोआनने, स्टुलं आणि पातेलं सांभाळायचं, आणि या दोघींनी स्कूटरवरून सगळं शहर खात फिरायचं. पुडीच्या रश्शाचं हे दुकान झालं तेव्हा अठरा दिवस झाले होते. गोगलगायीच्या शेवया खाऊन झाल्या. वाफेवरच्या तांदळाच्या पातळ पोळ्या, केळीच्या पानातला चिकट भात, बदकाची पेज, सगळं झालं. तलावाकाठी तीन जिने चढून अंड्याची कॉफी प्यायला गेल्या, तेव्हा सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले, सासूबाई मात्र बोलल्या नाहीत. कुठेही गेलं तरी त्यांची नजर वाटीत नसायची. एकेका टेबलावर, एकेका पाठमोऱ्या पांढऱ्या डोक्यावर फिरायची आणि रिकामी परत यायची. मग दोन घास, आणि “छान झालंय हो.”

पुलापलीकडे जायची कल्पना क्वेनची. म्हातारी माणसं हल्ली मुलांच्या नव्या फ्लॅटात तिकडेच जातात. तीन दिवस नदी ओलांडून त्यांनी तिकडचे फुटपाथ पालथे घातले. तिसऱ्या दिवशी वारा असा बोचरा होता की सासूबाईंचे ओठ निळे पडले. समोर जे पहिलं दार दिसलं त्यात क्वेनने त्यांना घातलं. पांढऱ्या भिंती, टांगलेल्या कुंड्या, लॅपटॉप उघडून बसलेली पोरंपोरी. असल्या ठिकाणी शेवया खाणारा माणूस कशाला येतोय? क्वेन गरम चहा मागवायला काउंटरकडे वळली.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई उभ्या होत्या. कोपऱ्यात एक म्हातारा पाठमोरा बसला होता, प्लास्टरमधला पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. पुढ्यात पाव आणि अंडं. त्याने खिशातून रुमाल काढला आणि काटा पुसला. पुढून, मग मागून. मग पुन्हा एकदा.

सासूबाई चालत त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पातीवाल्याने वर पाहिलं. त्याचा चेहरा पावासारखा पांढरा पडला.

“तुम्ही गेला नाहीत?” तो हळूच म्हणाला.

“कुठे?” सासूबाई म्हणाल्या.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच संध्याकाळी तो जिन्यावरून घसरला होता. घोटा दोन ठिकाणी मोडला. मुलगी उचलून इकडे घेऊन आली, हा कॅफेही तिचाच. पंधरा दिवसांनी जरा बरं वाटल्यावर त्याने जावयाला डबा देऊन पेठेत पिटाळलं. जावई शेवया घेऊन आला, वेगळी पात मागायची मात्र विसरला. म्हणाला, काय गोड म्हातारी आहे हो, धन्यवाद म्हणाली, वर पुन्हा या, असंही म्हणाली. पातीवाल्याने पत्ता तपासून घेतला. पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. तेव्हा तो समजून चुकला. खेकडेवाल्या बाई गेल्या आणि त्यांच्या जागी दुसरीच कुणी बसते आहे.

“तो रस्सा माझ्या घशाखाली उतरेना,” तो म्हणाला. “देव्हाऱ्यात तुमच्यासाठी उदबत्ती लावली.”

क्वेन हातात चहा घेऊन जागच्या जागी उभी होती. तिचं लक्ष फक्त सासूबाईंच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्याकडे होतं. तो थरथरत होता.

“नाव माहीत आहे माझं?”

“नाही.”

“मग कुणाच्या नावाने लावलीस?”

“म्हटलं, खेकडेवाल्या बाई. पोचेल.”

“किती लावल्यास?”

“तीन.”

“तीन.” सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि पदर खोचल्यासारखा गळ्यातला मफलर मागे टाकला. “बावीस वर्षं माझ्या हातचं गिळलंस मेल्या. पहाटे चारला उठून तुझ्या पातीची मुळं खुडली मी. आणि मी मेले तर तीन काड्या? शेजारणीची कोंबडी मेली तरी लोक पाच लावतात.”

लॅपटॉपवरची डोकी वर झाली. सासूबाई थांबल्या नाहीत. शिव्यांत आधी जावई निघाला, कारण त्याला सासऱ्याचा जीव कशात अडकलाय ते कळलं नाही. पाव निघाला, भाजलेला कापूस म्हणून. मोडका घोटा निघाला, आणि बावीस वर्षांच्या आठ हजार सकाळी बाहेर आलेला तो रुमालही. काउंटरमागची पातीवाल्याची मुलगी घाबरून पुढे आली, तर तिच्या कॉफीचाही समाचार घेतला गेला. पातीवाला खाली मान घालून ऐकत होता. त्याच रुमालाने डोळे पुसत होता, आणि हसत होता.

निघताना सासूबाईंनी त्याचं नाव विचारलं. हुआन, तो म्हणाला.

“मी लुआ. पुढच्या वेळी नाव घेऊन लाव. आणि प्लास्टर निघेपर्यंत डबा पाठव. जावयाला म्हणावं, शिव्याही भरून देईन.”

परतताना पुलावर वारा तसाच होता. सासूबाईंचं हलकं शरीर क्वेनच्या पाठीला टेकलं होतं. क्वेनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. अर्धा पूल झाल्यावर मागून आवाज आला.

“ही स्कूटर आहे की गाभण म्हैस? पायी गेले असते तर एव्हाना पातेलं चुलीवर चढलं असतं. आणि तुझ्या नवऱ्याच्या हाती माझा रस्सा सोडून एकवीस दिवस गावभर हिंडवलंस मला. अक्कल कुठे गहाण टाकलीस?”

“हो आई,” क्वेन म्हणाली, आणि तिने वेग आणखी कमी केला.