प्रोफेसरचा चष्मा

चौकात माझ्या मुलीचा फ्लेक्स लागलाय आणि तिच्या डोळ्यांवर चष्माच नाही.

भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, मी हे किती वेळा सांगितलं असेल! ते पक्षाचं काम करतात, फ्लेक्स त्यांनीच छापून घेतला. म्हटलं, "अहो भाऊजी, ही आपली प्रोफेसर नाही. हिचा चष्मा कुठे गेला?" तर म्हणाले, "डिझाइनवाल्याने काढला, वहिनी. डोळे दिसले पाहिजेत म्हणाला. लोकांच्या काळजाला भिडतात डोळे." घ्या! सहाव्या वर्षापासून चष्मा होता पोरीला. जाड भिंगांचा, सारखा नाकावरून घसरणारा. म्हणून तर घरात सगळे तिला प्रोफेसर म्हणायचे. डोळेवाल्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा तिला सायकलवर बसवून घेऊन गेले ते हेच भाऊजी. आणि आता हेच म्हणतात, डोळे दिसले पाहिजेत. फ्लेक्सवरची मुलगी गोरीपान, टक लावून बघणारी, साबण विकायला उभी केल्यासारखी. शेजारी त्यांच्या पक्षाच्या साहेबांचा फोटो, तिच्या दुप्पट. खाली लाल अक्षरांत लिहिलंय, फाशी झालीच पाहिजे. रोज कामावर जाताना मला त्याच्याखालून जावं लागतं.

प्रोफेसर औषधाच्या दुकानात कामाला होती. दुकान बंद करायच्या वेळेला एक माणूस गल्ला लुटायला आला, हिने आरडाओरडा केला, त्याने सुरा चालवला. बाकीचं मी सांगत नाही. कोर्टात ऐकून ऐकून माझ्यात काही शिल्लक राहिलेलं नाही. आमचे हे तिच्या आधीच गेले, सुटले बिचारे. मी एकटीच बसते त्या बाकावर.

त्याला फाशीची शिक्षा झाली तेव्हा वाटलं, चला, संपलं एकदाचं. कसलं संपतंय! फाशी म्हटलं की वरचं कोर्ट आलं, त्याच्या वरचं कोर्ट आलं, मग दयेचा अर्ज. दर वेळी सगळं पहिल्यापासून. दर वेळी पेपरात तोच फोटो, आणि दारात माइक घेऊन कोणीतरी पोरगा, "आई, आज काय वाटतंय?" काय वाटणार, तुझं कपाळ! त्याला जन्मभर आत टाकलं असतं ना, तर त्याचं नावसुद्धा मला पुन्हा ऐकावं लागलं नसतं. मला माझ्या पोरीसाठी एकदा नीट रडायचंय. मध्ये कोणी तारीख घालायची नाही.

मी शर्टांच्या कारखान्यात तपासणीला आहे. कॉलर बघायची, लोंबणारे धागे कापायचे, बटण सैल असलं की शर्ट परत पाठवायचा. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी माझ्या बाजूने बोलतात. माझी बाजू कोणती ते त्यांनीच ठरवलंय. एक म्हणते, भर चौकात लटकवा मेल्याला. दुसरी म्हणते, लटकवून काय, आधी हातपाय तोडा. तिसरी डब्याचं झाकण लावता लावता विचारते, आज ओव्हरटाइम आहे का गं? वाईट नाहीत बायका. माझ्या तापात घरी येऊन भांडी घासून गेल्यात. पण त्यांचा राग सुट्टीपुरता असतो, आणि माझं घर रात्रंदिवस त्यातच बसलेलं असतं.

एकदा पेपरात आलं होतं, फाशी कशी देतात ते. आधी माणसाचं वजन करतात. वजनावरून दोर किती सोडायचा ते ठरवतात. आजारी असला तर आधी बरा करतात. पुढे वाचवेना, पेपर बाजूला टाकला. त्याने जे केलं ते नशेत केलं, घाबरून केलं, नीचपणाने केलं. आपण मात्र शांत डोक्याने, सह्या करून, शिक्के मारून तेच करायचं? आणि वर म्हणायचं काय, तर हे प्रोफेसरसाठी. अरे, तिच्या नावावर काय होतं? एक सायकल आणि वाचनालयाचं कार्ड. त्यात आता एक मेलेला माणूस घालायचा!

निवडणूक तोंडावर आली आणि दयेचा अर्ज सरकारपुढे गेला, तसे भाऊजी मिठाईचा पुडा घेऊन हजर झाले. मिठाई बघितली तेव्हाच मी ओळखलं.

"वहिनी, साहेबांची सभा आहे. तुम्ही स्टेजवर यायचं. दोनच वाक्यं बोलायची. माझ्या लेकीला न्याय द्या, त्याला फाशी द्या. झालं."

"आणि तुम्हाला तिकीट."

"तसं नाही हो, वहिनी," म्हणाले, पण कान लाल झाले त्यांचे. "लोक तुमच्यासाठी येणारेत. जनभावना आहे ही."

मी हो म्हटलं. त्याला कारण होतं. त्या माणसाची वकीलबाई आठवड्यापूर्वी माझ्या दारात आली होती. मी तिला आत घेतलं नाही, उंबऱ्यातूनच वाटेला लावलं. पण जाता जाता ती म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर फरक पडेल. मुलीच्या आईचं म्हणणं कोणी टाळू शकत नाही." तेव्हापासून डोक्यात तेच घोळत होतं. बायकांना सांगायची हिंमत झाली नव्हती माझी, भाऊजींना सांगायची तर नाहीच. म्हटलं, बोलायचंच आहे ना, मग सगळ्यांसमोर एकदाच बोलून मोकळं व्हावं.

सभेला माणूस मावत नव्हता. कारखान्यातल्या बायका पुढच्याच रांगेत. सुपरवायझरने आपणहून सुट्टी दिली होती, एरवी आजारपणाची मागितली तर तोंड वाकडं करतो. स्टेजवर माझ्या मागे तो फ्लेक्स. माझा आवाज फुटला, आणि चांगला स्वच्छ फुटला.

"मी त्याला माफ केलेलं नाही," मी म्हटलं. "मरेपर्यंत करणार नाही. त्याला मरेपर्यंत आत ठेवा. पण फाशी देऊ नका. माझ्या मुलीच्या नावावर माणूस मारू नका."

पुढच्या रांगेतली ती हातपाय तोडणारी माझ्याकडे बघतच राहिली. भाऊजींनी डोक्याला हात लावला. मला मात्र कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. वाटलं, ऐकलं ह्यांनी. आता कोणीतरी काहीतरी विचारेल.

साहेब उठले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इतक्या अलगद माझ्या हातातला माइक घेतला की मला कळलंसुद्धा नाही. म्हणाले, "बघितलंत? ही आई आहे! आईचं काळीज असंच असतं. ती फाशी मागणार नाही. तिच्या वतीने मागायचं कोणी? आपण मागायचं!"

टाळ्या थांबेनात. माझ्या बायकासुद्धा टाळ्या वाजवत होत्या, रडत रडत. कोणीतरी मला खुर्चीत बसवून पाण्याचा ग्लास हातात दिला. मी मुकाट्याने पाणी प्यायले. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक अक्षरांत आलं, 'आईचा हुंदका, सभा गहिवरली.' हुंदका मी दिलाच नव्हता. मी काय बोलले ते सगळा पेपर चाळला तरी सापडलं नाही.

आणि त्या संध्याकाळी कामावरून येताना चौकात बघते तर नवा फ्लेक्स, खाली कठड्याला बांधलेला. ह्या वेळी प्रोफेसरच्या शेजारी मी. 'आईचे अश्रू वाया जाणार नाहीत.' गालावर एक टपोरा अश्रू काढलेला. आणि चष्मा? गायब! माझासुद्धा! अहो, चष्मा नसेल तर मला बटणाचं भोक दिसत नाही, स्टेजची पायरी काय दिसणार! ती बाई कोण होती देव जाणे. चांगली देखणी होती. साहेब सांगतील ते सगळं तिला मान्य असावं, अशा चेहऱ्याने बघत होती.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. कोपऱ्यावर चाव्या बनवणारा बसतो, त्याच्याकडून स्टूल मागून घेतलं. खोक्यांवर नंबर टाकायचा जाडा काळा मार्कर पिशवीत होताच. चढले आणि आधी माझ्या फोटोवर चष्मा काढला. दोन गोल, मध्ये दांडी. मग प्रोफेसरचा काढायला घेतला. खाली माणसं जमली. कोणीतरी फोन केला असणार, कारण भाऊजी धापा टाकत आले.

"वहिनी, उतरा खाली! काय चाललंय हे? साहेबांचा फ्लेक्स आहे!"

"साहेबांच्या तोंडाला हात लावला नाहीये मी."

"लोक बघतायत, वहिनी."

"बघू देत. भाऊजी, उद्या मी मंत्र्यांच्या कचेरीत जाणार आहे, त्याचा दयेचा अर्ज आहे तिथे. दिवसभर बाहेर बसवलं तरी बसेन. माझ्या हातातून काढून घ्यायला तिथे माइक नसेल. फाशी द्यायचीच असेल तर तुमच्या ह्या दोन बायकांच्या नावावर द्या म्हणावं. आमच्या दोघींच्या नावावर नको." बोलता बोलता प्रोफेसरच्या कानाकडची काडी वाकडी गेली. "आणि नुसते उभे काय राहिलात? स्टूल धरा, पडेन मी."

भाऊजींनी मागे बघितलं. पक्षाची दोन पोरं मोबाइल वर धरून उभी होती. मग ते खाली वाकले आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल धरलं. मी दुसरा गोल काढायला लागले.

मग खालून भाऊजी हळूच म्हणाले, "एवढा वर नको, वहिनी. तिचा नाकावर घसरलेला असायचा."