दोन मुठींची करवत

मित्रांनो, मी एक जुनी करवत आहे; पण जुनी म्हणून मला मोडीत काढू नका हं! माणसाच्या उंचीएवढं माझं पातं आणि दोन टोकांना दोन मुठी. लोहाराने माझा एकेक दात कानशीने घासला आणि बजावलं, "हिला ढकलायचं नाही. दोघांनी आळीपाळीने ओढायचं. ढकलाल तर वाकेल." तेव्हापासून माझा तोरा काही औरच!

लाकडाच्या वखारीत माझी एक मूठ ताईने धरली, दुसरी तिच्या धाकट्या भावाने. काय ओढायची दोघं! भलेमोठे ओंडके बघता बघता कापून व्हायचे. मालक येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने आमचं काम दाखवायचे. मजुरी मात्र भावाला पूर्ण आणि ताईला पाऊण.

एके दिवशी ताईने विचारलंच. मालक म्हणाले, "अगं, पुरुषाची ताकद वेगळी. शिवाय त्याला घर चालवायचं असतं."

"आईचं औषधपाणी, पोरीची शाळा, सगळं मीच बघते की!"

"आज तुला वाढवली, तर उद्या सगळ्याजणी मागतील. वखारीला टाळं लावू का?"

धंदा बेताचाच होता, हे खरं. पण म्हणून झळ बायांनीच का सोसायची? माझा अगदी संताप झाला.

दुसऱ्या दिवशी ओंडका पाऊण कापून होताच ताई थांबली. "पाऊण मजुरीत एवढंच येतं." भावाने ढकलून बघितलं, तर मी वाकले. तिकडे गिऱ्हाईक गाडी घेऊन दारात उभं. मालक तणतणत आले, "सरक, मी ओढतो!" आणि थोड्याच वेळात घामाघूम होऊन मटकन ओंडक्यावर बसले.

भाऊ म्हणाला, "मालक, उद्यापासून मीही पाऊणच ओढणार."

मालकांनी कपाळ पुसलं. "घे बाई, तुला पूर्ण."

ताईने मुठीला हात लावला नाही. "आणि बाकीच्याजणींना?"

"त्यांनाही! आता तरी ओढ!"

त्या दिवशीसारखी मी पुन्हा कधी चालले नाही, मित्रांनो.

आता यंत्र आलंय आणि मी भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. अधूनमधून मला तेलाचं बोट लावा, गंज चढू देऊ नका. आणि सारख्या कामाला सारखा दाम द्या, एवढंच मागणं. ताईची लेक परवा त्या यंत्रावर कामाला लागली. पूर्ण मजुरी हातात घेतली, खिशात घातली आणि शीळ घालत निघून गेली. तिला त्यात काही विशेष वाटलंच नाही. माझा मात्र ऊर भरून आला!