मामाचा खांब

मासिंग मामा कोयता घेऊन चढण चढत आला, तेव्हा मी छपरावर पत्रे ठोकत होते. पत्रे शाळेचे, वासे चर्चचे, भिंतींना दवाखान्याची दारं. वादळाने बेटावरची एकूण एक इमारत लोळवली होती आणि त्या ढिगाऱ्यातून मी अख्ख्या गावासाठी एक बुटकं, दणकट घर उभं करत होते. आराखडा माझाच, वाळूत काठीने काढलेला. दुसरं वादळ येतंय म्हणून रेडिओ सकाळपासून बोंबलत होता, आणि गावाला डोकं लपवायला याशिवाय छप्पर नव्हतं.

"लेइसाऊ, उतर खाली! हा खांब तोडायचाय मला."

मधला खांब! सगळं छप्पर त्याच्यावर तोललेलं. माझा धाकटा भाऊ तारीमास याने तो कालच खोबऱ्याच्या गोदामाच्या ढिगाऱ्यातून ओढून आणला होता. त्याच गोदामात मामाचा एकुलता एक मुलगा कालो दबून मेला. मामाने त्याला एकट्याने उपसून काढलं होतं.

"पान खोचलं होतं मी त्याला," मामा खाली उभ्या तारीमासला म्हणाला. "डोळे फुटले होते काय रे तुझे?"

नामेले झाडाचं पान लावलेल्या वस्तूला आमच्याकडे कुणी हात लावत नाही. तारीमासचा चेहरा उतरला.

"दिसलं होतं, मामा. पण मला वाटलं, समुद्राचं आहे. उडून अडकलंय."

खरंच तसं वाटण्यासारखं होतं. मासे वाढावेत म्हणून गावाने किनारा बंद केला होता. तिथल्या खुंटाला असंच पान होतं, आणि तो खुंट वादळात उपटून गेला होता.

"माझं पोर याच्याखाली चिरडलं! आणि तुम्ही याच्याखाली बसून केळीच्या पानात भाजलेलं लापलाप खाणार?"

मामाने कोयता घातला. लाकडाची ढलपी उडाली. दुसरा घाव, तिसरा घाव. "मामा, पाया पडतो, पोरंबाळं आहेत गावात," म्हणत तारीमासने खांबाला मिठी मारली, आणि चौथा घाव त्याच्या हातावर बसला. दोन बोटं खाली पडली. रक्त खांबावरून ओघळलं. तरी माझा भाऊ नुसते हात जोडून उभा राहिला, कारण आईच्या भावावर हात उगारायचा नसतो.

नियम मलाही होताच. गेला खड्ड्यात! मी छपरावरून उडी टाकली आणि हातोड्याच्या दांड्याने मामाच्या मनगटावर असा टोला हाणला की कोयता लांब उडाला. त्याने मला थोबाडीत ठेवून दिली, ओठ फाटला. मी त्याच्या पोटात लाथ घातली. लोकांनी ओढून काढलं नसतं तर मी त्याचा जीवच घेतला असता.

दुपारी वारा सुटला. सगळं गाव आत आलं. हाताला चिंधी बांधलेल्या तारीमासने विचारलं, "मामा कुठाय?"

"मरू दे त्याला."

"ताई, आईचा भाऊ आहे तो," म्हणून हा शहाणा बाहेर गेला आणि मामाला खेचत घेऊन आला. मामा कोपऱ्यात बसला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग वादळ अंगावर आलं. छप्पर उचलायचं आणि आदळायचं. प्रत्येक दणक्याला पोरं किंचाळायची. खांबाने कोयत्याच्या घावापाशीच कडाडून तोंड उघडलं. मी कुंपणाची तार घेऊन धावले, पण माझ्याआधी मामा तिथे होता. त्याने चिरेला पाठ लावली आणि पाय रोवले.

"बाजूला हो, तार आवळायचीय!"

"हललो की मोडेल. मला धरूनच आवळ."

मी आवळली. राग होता, म्हणून जोरात आवळली. तार त्याच्या छातीत रुतली. दणक्यागणिक तो ओरडत होता, मला नाही, खांबाला. "एक घेतलंस ना माझं? बास झालं! आता धर, भडव्या, धर!" त्याची बरगडी मोडल्याचा आवाज मी कानांनी ऐकला. तेव्हा मला रडू फुटलं.

वारा पडल्यावर मी तार तोडली. मामा जमिनीवर कोसळला. खांब उभा होता. आत आलेलं एकही माणूस दगावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेचा एक खांब निवडून आणला. हा चिरलेला काढून जाळायचा, मामाचंही समाधान होईल, असा माझा हिशेब. तर मामा बरगड्या धरून, धापा टाकत दारात उभा. हातात नामेलेचं ताजं पान.

"याला आता कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "मीसुद्धा."

माझ्या टोल्याने सुजलेल्या हाताने त्याला गाठ मारता येईना. तारीमास पुढे झाला. उरलेल्या तीन बोटांनी त्याने पान खांबावर दाबून धरलं, आणि मामाने गाठ बांधली.