मागच्या चाकाचं उत्तर

अमावास्येला लासलगावात कांद्याचा लिलाव नसतो. बाजाराचं आवार त्या दिवशी ओकंबोकं असतं. पण १९९८च्या वैशाखातल्या अमावास्येला तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध पांढरी परदेशी मोटार. मागचा भाग ओंडक्यांवर उचललेला, मागची चाकं अधांतरी. पुढची जरीच्या कापडानं झाकलेली. काचा काळ्या, इंजिन चालू.

“आत्मा जमिनीला टेकत नाही, म्हणून चाकही टेकत नाही!” चाकबाबा गरजले. “पुढची चाकं माणसाची, मागची मृतांची! त्यांना काय ते विचारा. आत वळलं तर हो, बाहेर वळलं तर नाही. अन् हे इंजिन नव्हे, ओंकार आहे!”

“ओंकाराला पेट्रोल लागतं व्हय?” मी म्हणाले.

शेजारचा सावळीराम दचकला. “गप गं लले, चाक ऐकंल!”

मी नाशिक रोडला आयटीआयमध्ये मोटार दुरुस्ती शिकवते. सुट्टीला माहेरी आले होते. शेजारच्या भागीबाईचा हिरामण दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. याच आवारात तो ट्रॅक्टर चालवायचा. भरली ट्रॉली एका दमात मागं घ्यावी तर त्यानंच. मागचं चाक हिरामणचं ऐकतं, असं सगळे म्हणायचे. भागीबाईनं तेवढंच उराशी धरलं होतं.

गेल्या अमावास्येला तिनं चाकाला विचारलं, सुनेला नर्सिंग शिकायला पाठवू का? चाक बाहेर वळलं. सून पूजा, चोवीस वर्षांची, त्या दिवसापासून घरात बोलेनाशी झाली. पहाटे फक्त भागीबाईची जात्यावरची ओवी ऐकू यायची:

मागल्या गं चाकाला, वळण कुणाचं
माझ्या हिरामणाच्या, ओळखीच्या हाताचं

अर्जाची मुदत उद्या संपत होती. पूजानं विनवलं म्हणून भागीबाई पुन्हा विचारायला आली होती. रीतीप्रमाणे तिनं प्रश्न आधी बाबांच्या कानात सांगितला. बाबांनी काळ्या काचेवर टिचकी मारली.

चाक थरथरलं. दोन बोटं बाहेर वळलं. नाही.

“माझा सोन्या!” भागीबाईनं टायरला गाल लावला. पूजा मान खाली घालून उभी राहिली.

मला राहवलं नाही. मी पुढचं कापड ओढलं. झाकलेली चाकंही वळलेली होती, नेमकी उलट दिशेला. दार उघडलं, तर ड्रायव्हरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर.

“अगं पोरी, पाप लागेल!” बाबा धावले.

“लागू दे.” मी हात घालून किल्ली फिरवली.

ओंकार थांबला. मागचं चाक हळूच सरळ झालं.

“आता वळवा, बाबा.”

बाबा मंत्र पुटपुटले, टिचकी मारली. चाक ढिम्म.

“ही चारही चाकं वळणारी गाडी आहे,” मी लोकांना म्हणाले. “स्टिअरिंग किती फिरलं, गाडीला वेग किती, हे एक छोटा संगणक बघतो. मागच्या दोन चाकांच्या मधे विजेची छोटी मोटार आहे. तो तिला हुकूम देतो. मोटार आट्यांचा स्क्रू फिरवते, दांडा सरकतो, चाकं वळतात. गाडी हळू असली तर पुढच्यांच्या उलट, म्हणजे अरुंद जागेत चटकन वळण घेता येतं. वेगात असली तर पुढच्यांच्याच दिशेनं, म्हणजे ती डगमगत नाही. वीज तुटली, की आतली जाड स्प्रिंग दांडा मधोमध आणते.”

“आत्ता सरळ झालं, ते स्प्रिंगनं?” भागीबाईनं विचारलं.

“हो, काकू.”

“हिरामणानं नाय?”

“नाही.”

तिनं टायरवरचा हात काढला, पदराला पुसला.

“मंग नाय कोण म्हणलं?”

मी ड्रायव्हरकडं बोट दाखवलं. “यानं. बाबांच्या टिचकीची खूण ओळखून.” तिनं मान हलवली. “त्याला काय ठावं? मीच बाबाच्या कानात म्हणले व्हते, ती गेली तर घर खायला उठंल.” मग ती सुनेकडं वळली. “पूजा, तुला इचारायचंच राहिलं. जायचंय का गं?”

“जायचंय, आत्या. दर रविवारी येईन.”

जूनपासून भागीबाई एकटीच दळते. त्या ओवीत आता चाक नाही. रविवार किती लांब आहे, एवढंच आहे. तिचं एकटेपण माझ्या स्क्रूनं अन् स्प्रिंगनं सुटलं नाही. पण ते तिचं तिला ओळखू आलं.

म्हणून सांगते, बायाबापड्यांनो: चाक वळलं तर दांडा शोधा, दांड्यामागची मोटार शोधा, मोटारीमागचा हात शोधा. गेलेल्यांची आठवण काढा, रडा. पण त्यांच्या तोंडी आपलं उत्तर घालू नका. जिवंत माणूस शेजारी उभं असतं. त्याला विचारा.