भोपळ्याला पाडलेलं भोक

मी एक जुना, धुरानं काळवंडलेला कडू भोपळा आहे. भाजीचा नव्हे, मित्रांनो. भाजीच्या भोपळ्याशी माझं नातं जोडलेलं मला आजही खपत नाही.

माझा जन्म ढोकीजवळच्या एका वाडीत, बलभीमतात्यांच्या कुंपणावर झाला. देठ वाळेपर्यंत त्यांनी मला वेलावर राखलं, मग वर्षभर चुलीवरच्या धुरात टांगलं. साल लाकडासारखी टणक झाली, आत बिया खुळखुळू लागल्या, तेव्हा भोवती सुतळीचं जाळं विणलं. तात्या गावच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, पोरांना पोहायला शिकवत. पत्र्याचा डबा पाठ कापतो, म्हणून लहानांच्या पाठीवर मलाच बांधत. पोर नीट हातपाय मारू लागलं की तात्या गुपचूप माझी गाठ सोडत. पोर पलीकडे पोचून मागं पाही, तर मी आपला पायरीवर बसलेला. त्या दिवशी त्याची आई मला हळदकुंकू लावी. असा मान मी चार उन्हाळे घेतला.

१९६१ च्या उन्हाळ्यात शाळेचे हेडमास्तर वसंतराव बिऱ्हाडासह कोकणात, समुद्रावर सुटीला निघाले. त्यांची लीला अर्धवट पोहायला शिकली होती, म्हणून ते मला मागायला आले.

"न्या की मास्तर," तात्या म्हणाले, "पण मिरगाच्या आत परत द्या. औंदा आमच्या शिवगंगीचा नंबर हाय. पाऊस पडला की बारव तुडुंब भरती, मग शिकवता येत न्हाय."

शिवगंगा तात्यांची नात. आदल्या वर्षी पाणी भरताना ती शेवाळलेल्या पायरीवरून घसरली, तेव्हा तात्यांनी वेणी धरून तिला वर काढलं होतं. तरी रोज घागर घेऊन तिलाच उतरावं लागे. "अहो, आठ दिवसांत आणून देतो," मास्तर म्हणाले. शब्द देताना त्यांचा आवाज मोठा भारदस्त होता.

त्या किनाऱ्यावर मजा करायला आलेल्यांची गर्दी होती. कुणी होडीतून फिरे, कुणी डोळ्यांना काचा लावून बुडी मारी आणि शिंपले वर आणी. रबरी ट्यूब भाड्यानं मिळत. ट्यूबवाल्यानं मला पाहिलं आणि भाजी कधी फोडणीला टाकणार म्हणून विचारलं. चारचौघं हसले, आणि आमचे मास्तर लाजले. लाज वाटावी असं मी काय केलं होतं?

लीलाच्या कमरेला ट्यूब आली. मला पाण्याच्या कडेला, कपड्यांच्या ढिगावर ठेवलं. विहिरीचा काठ कसा एका जागी असतो, तसाच समुद्राचाही असेल, असं मास्तरांना वाटलं. आमच्याकडचं पाणी उन्हाळ्यात आटतं आणि पावसाळ्यात चढतं, जेवणवेळेपर्यंत चढत नाही. इथं भरती आली आणि मास्तरांचं धोतर, सदरा आणि मी, तिघंही वाहत निघालो.

"बाबा, शिवगंगीचा भोपळा," असं ओरडून लीलानं ट्यूब टाकली आणि हात मारत माझ्यामागं आली. खाली पाय टेकत नव्हते, पाठीला काही बांधलेलं नव्हतं. मला गाठल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण पोहत आलो. मला हळदकुंकू लावावं असा तो दिवस होता. पण गावी परतल्यावर मास्तर ज्याला त्याला सांगत सुटले, "ट्यूब असली की आठ दिवसांत पोहता येतं." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तेही मी गिळलं असतं. पण मास्तरांना भिंतीवर समुद्राची आठवण हवी होती. त्यांनी माझ्या अंगावर शिंपले चिकटवले, आणि टांगायची तार ओवता यावी म्हणून जाड खिळा ठोकून मला भोक पाडलं.

"बाबा, तो परत द्यायचा आहे," लीला म्हणाली.

"एका भोपळ्याचं काय घेऊन बसलीस? कुंपणाला ढिगानं लागतात."

मिरगाला चार दिवस उरले, तेव्हा तात्या आले. सोबत शिवगंगा, पोहायला म्हणून परकर खोचूनच आलेली. तात्यांनी मला खाली उतरवलं, फिरवून पाहिलं आणि भोकावर बोट ठेवलं.

"लाखेनं बुजवून देतो की," मास्तर म्हणाले.

"बुजवाल. पण मग तुमच्या लीलाच्या पाठीवर बांधाल का?"

शिवगंगेनं मला हातात घेऊन हलवलं, तशा भोकातून बिया तिच्या तळहातावर पडल्या. पावसात तिनं त्या कुंपणाशी लावल्या. वेल चढला आहे, पण फळ पिकून, धुरात वाळून पाठीवर बांधण्याजोगं व्हायला अजून वर्ष-दीड वर्ष जाईल. तोवर ती शेवाळलेल्या पायरीवर पाय चाचपत घागर भरते. सुटीच्या दिवशी लीला तिच्याबरोबर उतरते. बाकीचे सहा दिवस शिवगंगा एकटीच असते.

मित्रांनो, मागून आणलेल्या वस्तूला खिळा लावण्याआधी एवढंच विचारा, की आता नंबर कुणाचा आहे. मी तात्यांच्या ओसरीत पडून असतो. सकाळी शिवगंगा घागर घेऊन बाहेर पडते, आणि ती परत येईपर्यंत माझं लक्ष दारातून हलत नाही.