दाराशी भरलेली बॅग

प्राध्यापकांनी घरात पाऊल टाकलं आणि आधी बॅगेकडे पाहिलं, मग आईकडे. तेव्हाच मी त्यांना ओळखून चुकले.

आमच्या दाराशी, चपलांशेजारी, आईची तपकिरी बॅग कायम भरलेली असते. दादाच्या कादंबरीत ती अकरा वेळा येते. ज्यांनी एकेकाळी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या देशात आलेली एक आई. तीस वर्षं झाली तरी हे घर तिला आपलं वाटत नाही, म्हणून ती बॅग भरून दाराशी ठेवते. कादंबरीला बक्षीस मिळालं. दादा आता दुसऱ्या शहरात तीन खोल्यांच्या स्वतःच्या घरात राहतो आणि आपल्या उपरेपणावर व्याख्यानं झोडतो.

प्राध्यापक आमच्यातलेच, आणि अशा कादंबऱ्यांवर समीक्षेचं पुस्तक लिहीत होते. स्थलांतरितांची अस्मिता, त्यांचं कुठलंच नसणं वगैरे. या कुठलंच नसण्यावर त्यांची नोकरी मात्र कायमची झाली होती.

मला एकच धास्ती होती. इथली भाषा आई फडाफड बोलते, पण वाचते कामापुरतीच. कादंबरी तिला झेपत नाही. ती मीच वाचून दाखवली होती, म्हणजे तसं सोंग केलं होतं. दादाने तिला एकटं पाडलं तिथे मी शेजारणी घातल्या. ती खिडकीशी बसून रडते तिथे तिला कामाला पाठवलं. आई जाम खूश झाली. "पोराचं लक्ष होतं गं माझ्याकडे," म्हणाली. तिच्या तोंडावरचा तो आनंद मला कोणत्याही किमतीत टिकवायचा होता. म्हणून प्राध्यापकांना फोनवर बजावलं होतं, आईसमोर कादंबरीतलं काही काढू नका. ते "छे छे" म्हणाले होते.

पण स्वतःचं लिखाण वाचायचा मोह आवरला तर तो समीक्षक कसला! चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आत वही उघडली.

"ऐका हं, आई. 'ही बॅग म्हणजे न झालेलं आगमन. या भूमीत तिला आपलं म्हणणारं एकही माणूस नाही. ती आली, पण पोचलीच नाही.' बरोबर पकडलंय ना मी?"

"कोणाबद्दल आहे हे?"

"तुमच्याबद्दलच! कादंबरीतल्या तुमच्याबद्दल."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी उगाच कपबश्या आवरू लागले.

"मला कोणी नाही, असं लिहिलंय त्याने?"

"पान बेचाळीस," प्राध्यापक उत्साहाने म्हणाले. गाढवाला समोरच्या बाईचं तोंड दिसत नव्हतं.

आई उठली आणि बॅग घेऊन आली. टॉवेल, हातमोजे, कात्री, नाळेचे चिमटे, बाळ तोलायचा काटा. आई सुईण आहे, परवाना असलेली. एवढी साधी गोष्ट दादाने तीनशे पानांत कुठेही येऊ दिली नाही, कारण मग त्या बॅगेवर रडणार कोण?

"फोन आला की पळावं लागतं, शोधाशोध करायला वेळ नसतो," आई म्हणाली. "समोरच्या न्हाव्याच्या दोन्ही मुली, पाववालीचा नातू, शाळेतल्या बाईंची जुळी. सगळी माझ्या हातावरची."

"वा! म्हणजे इतरांना जन्म, आणि स्वतः मात्र..." प्राध्यापक लिहू लागले.

"चहा निवतोय तुमचा," आई म्हणाली.

मग तिने बॅगेच्या तळातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं. दादाची कादंबरी. ती बॅगेत असते हे मलाही ठाऊक नव्हतं.

"कळा लांबल्या की बायकांना दाखवायचे," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "माझ्या मुलाने माझ्यावर लिहिलंय म्हणून."

तिने कादंबरी फडताळात आडवी टाकली. रिकाम्या जागेत आणखी एक टॉवेल घडी करून ठेवला आणि बॅग पुन्हा दाराशी नेली. प्राध्यापकांनी जाताना तिचा फोटो घेतला. मला त्यांना जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटत होतं. दादालाही, आणि सगळ्यांत आधी स्वतःला.

दार लावून आई माझ्याजवळ आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तू वाचून दाखवलंस ते छान होतं," ती म्हणाली. "ते कोणी लिहिलं होतं मग?"