शेततळ्यातलं लांबडं

शेततळं दिसायला मोठं देखणं. चारी बाजूंनी उतार, उतारावर काळा प्लास्टिकचा कागद, मधे हिरवंगार पाणी आणि पाण्यात रोहू, कटला. चांदवडच्या माळावर बारमाही नदी नाही, म्हणून ज्याला त्याला आपल्या तळ्याचं कौतुक. पण त्या कागदावर शेवाळ चढलं की माणूस सोडा, कुत्रंसुद्धा वर येऊ शकत नाही. म्हणून शहाणी माणसं कुंपणाच्या लोखंडी अँगलला एक गाठीगाठीचा दोर बांधतात आणि तो आत सोडून ठेवतात. मग कांदा विकायचे दिवस येतात, आणि हीच शहाणी माणसं तोच दोर सोडून पिकअपवरची ताडपत्री आवळतात. आजच्यापुरता, म्हणतात.

शेखरने त्या दिवशी सकाळी तेच केलं आणि कांदा घेऊन बाजार समितीत गेला. बायकोला सांगायचं तेवढं राहून गेलं.

दुपारी त्याची बायको उज्वला माशांना घालायला घमेल्यात कोंडा आणि पेंड घेऊन तळ्यावर आली. पाणी खाली गेलं होतं आणि पंपाच्या पाइपाच्या तोंडाशी शेवाळाचा गोळा अडकला होता. तो काढायला ती रोजच्यासारखी उतारावर दोन पावलं उतरली आणि मागे न बघता दोरासाठी हात टाकला. इतक्या दिवसांची सवय, डोळे मिटूनही दोर हाताला यायचा. आज हाताला काहीच आलं नाही. पाय निसटले, घमेलं उडालं आणि ती घसरत थेट पाण्यात गेली.

तिच्या माहेरी विहीर होती, पण पोहणं भावांच्या वाट्याला आलं होतं आणि पाणी शेंदणं तिच्या. नाकातोंडात पाणी गेलं, पायाला तळ लागेना. धडपडत कसाबसा काळा पाइप हाती आला. तोही बुळबुळीत. एक हात त्याच्यावरून टाकून तिने तो काखेत धरला आणि गळा फुटेस्तोवर हाका मारल्या. तळ्याचे भराव उंच, हाक वर आभाळात जायची, घराकडे नाही. सांडलेल्या कोंड्यावर मासे जमले आणि तिच्या पोटऱ्यांना ढुसण्या देऊ लागले. ज्यांना हाताने चारलं तेच आता आपल्याला चाखून बघताहेत, असं तिच्या मनात आलं.

मग समोरच्या कडेला तिला साप दिसला. तोही पडलेलाच होता. कागदावर चढायचा, घसरायचा, पुढे सरकून पुन्हा चढायचा. बराच वेळ हेच चाललं असावं, कारण तो दमला होता. तो बुळबुळीत पाइप सोडला तर साऱ्या तळ्यात पाण्याबाहेर आलेली, धरून बसण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे उज्वला. हे तिला कळलं त्याच सुमारास त्यालाही कळलं असावं. तो सरळ तिच्याकडे येऊ लागला.

तिने पाणी उडवलं, तो वळसा घालून आला. आधी पाइपावर, मग दंडावर, मग खांद्यावर. गार, जड अंग मानेमागून सरकलं आणि थांबलं. उज्वलाने श्वाससुद्धा आवरून घेतला. देवाचं नाव आठवेना, पोरांची तोंडं आठवेनात, फक्त त्या वजनाकडे तिचं सारं ध्यान लागलं होतं.

आणि नेमकी तेव्हा तिची सासू, गोजराबाई, भरावावर आली. चहाची वेळ टळली म्हणून सुनेला शोधत आली होती. तिने शेताकडे तोंड करून हाक मारली, उत्तर नाही म्हणून परत वळली. उज्वलाला कळून चुकलं, ही गेली तर आपण गेलो. बोललं तर साप डसेल, नाही बोललं तर हात सुटेल. काखेतला पाइप मघापासून इंचाइंचाने निसटतच होता.

"आत्याबाई," ती म्हणाली. जेमतेम ऐकू जाईल एवढंच.

मानेवरचं वजन हललं. डसलं मात्र नाही.

गोजराबाईने खाली पाहिलं. कुणाला बोलवायला जाण्याएवढा वेळ नाही, हे तिला सुनेच्या हाताकडे बघूनच समजलं. भर उन्हात, उघड्या माळावर, तिने कंबरेचं लुगडं सोडलं. कुंपणाच्या अँगलपर्यंत ते पुरत नव्हतं. तिने एक टोक दोन्ही मुठींत आवळून धरलं, कागद गाडलेल्या चरीत टाचा रोवून बसली आणि दुसरं टोक खाली सोडलं.

"हळू धर. मी हाय."

उज्वलाने लुगडं धरलं आणि त्याच क्षणी पाइप सुटला. सगळा भार सासूच्या हातांवर गेला. सापालाही वाट सापडली. तो उज्वलाच्या खांद्यावरून लुगड्यावर उतरला आणि वर चढू लागला.

आता गोजराबाई म्हणजे घरात सापाला साप न म्हणणारी, लांबडं म्हणणारी बाई. नागपंचमीला वारुळाला दहा हात लांबूनच हात जोडायची. ते लांबडं पीळ घेत घेत तिच्याकडेच येत होतं. निम्म्यावर आल्यावर त्याने फणा काढला, त्यावरचा दहाचा आकडा उन्हात स्पष्ट दिसला. उज्वलाला वाटलं, आता सोडणार. कुणीही सोडलं असतं, मीही सोडलं असतं. तिने डोळे मिटले.

लुगडं ताठच राहिलं. डोळे उघडले तेव्हा नाग गोजराबाईच्या उघड्या मांडीवरून पलीकडे उतरून गवतात चालला होता. मग उज्वला वर आली, गुडघे सोलत, कोपरं सोलत, एकेक वीत.

वर येताच तिने ओलं लुगडं सासूच्या अंगावर घालायला ओढलं. ते येईना. गोजराबाईच्या मुठी तशाच आवळलेल्या होत्या.

"आत्याबाई, सोडा आता. गेला तो."

"सुटंनात गं," गोजराबाई म्हणाली. तिचे दात वाजत होते. "लय भ्याले. भ्याले म्हणून तर मुठी मिटल्या त्या मिटल्याच."

उज्वला तिच्यासमोर बसली आणि तिची बोटं एकेक करून उघडू लागली. सगळी उघडेपर्यंत दोघी रडत होत्या.